एका दाराच्या दोन किल्ल्या



दरवर्षी १८ ते २५ जानेवारी हा आठवडा जगभरचे ख्रिस्ती लोक ऐक्यासाठी प्रार्थनेत घालवितात. यंदा हा आठवडा आजच्या रविवारी संपतो, आणि आजचे दुसरे वाचन आहे करिंथकरांस पहिल्या पत्रातील, पहिल्याच अध्यायातले. जणू कोणी मुद्दाम नेमून ठेवावे! करिंथची मंडळी लहान होती, नवी होती, तरी तिच्यात तट पडले होते. एक गट पौलाचे नाव घेई, दुसरा अपुल्लोसाचे, तिसरा केफाचे. चौथा गट आपण थेट ख्रिस्ताचेच आहोत असे सांगून बाकीच्यांना गप्प करू पाही. (हा चौथा गट मला नेहमीच सर्वांत अवघड वाटत आला आहे.) पौलाला ही बातमी कळविली ती ख्लोवे नावाच्या बाईच्या घरच्या माणसांनी, बहुधा नोकरचाकरांनी. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना सगळे ठीक चालले आहे असेच वाटत असावे. फूट पहिल्यांदा दिसते ती मागच्या बाकावरून.

या रविवारी सर्वसाधारणपणे 'आपण सारे एक होऊ या' असे प्रवचन होते, गाणे होते आणि आपण घरी जातो. यंदा मी तसे करणार नाही. आपल्या शेजारी घडलेली एक खरी गोष्ट सांगणार आहे. ती आपल्या कॅथलिक लोकांची नाही, आपल्या प्रॉटेस्टंट भावंडांची आहे. पण ऐकताना कोणी मनात हसू नये. आपला हिशेबही पुढे येणारच आहे.

आपल्यापैकी जुन्या लोकांना डहाणू रोडचा ब्रदरन मिशनचा दवाखाना ठाऊक आहे. डॉ. बार्बरा निकी या अमेरिकन बाईंनी तेथे वर्षानुवर्षे काम केले. 'ब्रदरन' म्हणजे बंधुजन. या बंधुजनांची सुरुवात १७०८ साली जर्मनीतील श्वार्झेनाऊ या गावी झाली. अलेक्झांडर मॅक आणि त्यांचे सोबती, अवघी आठ माणसे, एडर नदीत उतरली आणि त्यांनी नव्याने बाप्तिस्मा घेतला. त्या काळच्या कायद्याने तो गुन्हा होता. पुढे ही माणसे अमेरिकेत पेन्सिल्वेनियात गेली. १८९४ साली विल्बर स्टोव्हर, त्यांच्या पत्नी मेरी आणि बर्था रायन हे तिघे तेथून भारतात आले आणि वलसाडला, म्हणजे तेव्हाच्या बुलसारला, त्यांनी ठाण मांडले. पाठोपाठ १८९९-१९०० चा भयंकर दुष्काळ आला. अनाथ मुलांना त्यांनी जवळ केले, शाळा काढल्या, दवाखाने काढले. वलसाड, अंकलेश्वर, व्यारा, डांग आणि इकडे डहाणू, असा त्यांच्या कामाचा पट्टा पसरला. मंडळ्यांचे दोन 'डिस्ट्रिक्ट' झाले. पहिले गुजराती बोलणाऱ्यांचे, दुसरे मराठी बोलणाऱ्यांचे.

त्यांच्या रीतीभातींविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, नाहीतर पुढचे दुःख कळणार नाही. ते तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देत नाहीत. समजत्या वयात माणूस स्वतः मागतो, तेव्हा त्याला पाण्यात तीन वेळा पूर्ण बुडवितात, एकदा पित्याच्या नावाने, एकदा पुत्राच्या, एकदा पवित्र आत्म्याच्या. त्यांच्यात बिशप नाहीत. त्यांची माणसे जुन्या काळी शपथ घेत नसत, हाती शस्त्र धरत नसत आणि शक्य तोवर कोर्टाची पायरी चढत नसत. भावाने अपराध केला तर आधी एकट्याने त्याच्याकडे जा, मग दोघातिघांना सोबत ने, मग मंडळीपुढे ठेव, हा मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातला क्रम त्यांच्या जीवनाचा नियमच होता. आणि प्रभुभोजनापूर्वी ते एकमेकांचे पाय धुतात. आपण पवित्र गुरुवारी वर्षातून एकदा धुतो, आणि तेही बारा जणांचे, धर्मगुरूच्या हातून, बाकीचे बघत असतात. त्यांच्यात शेजारी शेजाऱ्याचे धुतो.

आता १९७० कडे येऊ. भारत स्वतंत्र झाला होता, परदेशी मिशनरी परत जाऊ लागले होते, आणि युरोप-अमेरिकेतली भांडणे आपण भारतात का वाहायची, हा प्रश्न इथल्या ख्रिस्ती पुढाऱ्यांना पडला होता. प्रश्न अगदी योग्य होता. १९२९ पासून, म्हणजे एकेचाळीस वर्षे, बोलणी चालली होती. अखेर २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा पंथ एकत्र आले आणि 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया', म्हणजे उत्तर भारत मंडळी, स्थापन झाली. अँग्लिकन होते, बॅप्टिस्ट होते, आणि आपल्या भागातले ब्रदरनही होते. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट शेवटच्या क्षणी बाहेर राहिले. नव्या मंडळीने बाळाचा बाप्तिस्मा आणि प्रौढाचा बाप्तिस्मा, दोन्हींना जागा ठेवली. बिशप मात्र आले. आता पाहा, ज्यांच्या पूर्वजांनी बाळाच्या बाप्तिस्म्यापायी घरदार सोडले होते, त्यांना सांगण्यात आले की आजपासून ठराव झाला, तुम्ही एक आहात.

बहुतेक जण गेले, मनापासून गेले आणि आजही आनंदाने तेथे आहेत. पण काही वर्षांतच गुजराती बाजूच्या काही मंडळ्यांत लोक म्हणू लागले की आम्ही ब्रदरनच आहोत, आम्हाला परत ब्रदरन म्हणूनच राहायचे आहे. समोरचे म्हणाले, ब्रदरन आता उरलेच कुठे? ते तर विलीन झाले. मग प्रश्न आला चर्चच्या इमारतीचा, बंगल्याचा, जमिनीचा, बँकेतल्या खात्याचा. किल्ली कोणाकडे? सत्तरच्या दशकाच्या अखेरीस भरूचच्या न्यायालयात दावा दाखल झाला. तो चढत चढत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००५ साली न्यायालयाने सांगितले की हा प्रश्न विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याचा आहे, दिवाणी न्यायालयाने तो अशा रीतीने सोडविता येणार नाही. २०१३ साली दुसऱ्या प्रकरणात न्यायालयाने निकाल दिला की केवळ विलीनीकरणाचा ठराव केल्याने ट्रस्टची मालमत्ता आपोआप नव्या मंडळीची होत नाही. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० याने घालून दिलेली रीत पाळलेली नव्हती. मालमत्ता जुन्या ब्रदरनांच्याच ट्रस्टची राहिली. अमेरिकेतल्या मूळ मंडळीने पुढे दोन्ही बाजूंशी नाते ठेवले, हे तिचे शहाणपण म्हणावे लागेल.

तीस वर्षांहून अधिक काळ. ज्यांनी एका पंगतीला बसून पाय धुतले होते, त्या मंडळीतली माणसे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात एकमेकांविरुद्ध उभी राहिली. दावा दाखल झाला त्या वर्षी जन्मलेले मूल निकालाच्या वेळी स्वतः आईबाप झाले असेल. त्याने आपली मंडळी कधी एकसंध पाहिलीच नाही.

चूक कोणाची? मी धर्मगुरू आहे, वकील नाही, तरी माझे मत सांगतो. मी कॅथलिक आहे, ख्रिस्तसभेची एकता डोळ्यांना दिसली पाहिजे असे मानतो, म्हणून माझे मन स्वाभाविकपणे १९७० च्या बाजूचे आहे. सहा पंथांनी एकत्र येणे ही पवित्र आत्म्याची कृपा होती. पण परत फिरणाऱ्यांना केवळ हट्टी म्हणून बाजूला सारणे मला पटत नाही. घोलवड-बोर्डीच्या चिकूच्या वाडीत ज्यांनी काम केले आहे त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. चिकूचे कलम आपण खिरणीच्या खुंटावर करतो. भेटकलम करताना चिकूची फांदी आईच्या झाडावरच असते आणि खिरणी आपल्या मुळांवर असते. दोघांची साल तासून, जखमेला जखम लावून बांधतात आणि वाट पाहतात. आठवडे जातात. रस एकमेकांत उतरला, जोड धरली असे दिसले की मगच फांदी आईपासून हळूहळू कापतात. घाईने आधीच कापली तर बांधलेली दोरी तशीच राहते आणि फांदी वाळते. १९७० साली वरच्या लोकांनी एकेचाळीस वर्षे बोलणी केली होती, हे खरे. पण अंकलेश्वरच्या किंवा व्याऱ्याच्या खेड्यातल्या मागच्या बाकावरच्या माणसाने किती आठवडे वाट पाहिली होती? त्याच्या खुंटात रस उतरला होता का? ठरावाच्या कागदाला हे कळत नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला एक जुना प्रश्न घालीत. होडीची एकेक फळी बदलत गेली आणि शेवटी सगळ्या फळ्या नव्या झाल्या, तर होडी तीच की दुसरी? आमचे प्राध्यापक अर्ध्या तासात ॲरिस्टॉटलच्या आधाराने उत्तर देत. डहाणूच्या खाडीवरच्या कोळ्याला विचारले तर तो म्हणेल, होडी कोणाच्या नावावर आहे ते सांगा. आणि खरोखर, ही सगळी भांडणे शेवटी तिथेच येतात. दोन्ही बाजू प्रामाणिकपणे म्हणतात की आम्हीच खरी मंडळी. विवेकाचा प्रश्न म्हणून सुरुवात होते, आणि दोन वर्षांत तो सातबाऱ्याचा प्रश्न होतो. न्यायालय एवढेच सांगू शकते की जमीन कोणाची. श्रद्धा कोणाची खरी, हे सांगण्याचा त्याला अधिकार नाही आणि त्याने तसा आवही आणला नाही. पण निकालाचा कागद हाती आला की जिंकणाऱ्याला वाटते देवानेच सही केली, आणि हरणाऱ्याला वाटते देवाने सोडले. हे दोन्ही खोटे आहे.

असा प्रसंग फक्त आपल्याच मुलखात आला असे नाही. अमेरिकेतील मोठ्या लुथरन मंडळीत २००९ साली धर्मसेवकांच्या नेमणुकीविषयी एक निर्णय झाला आणि शेकडो स्थानिक मंडळ्यांपुढे प्रश्न उभा राहिला की आपण आपला पंथ सोडावा का? गावोगाव कुटुंबे फुटली. आजोबा एकीकडे, नातू दुसरीकडे. परंतु त्यांच्या घटनेत एक नियम होता, तो मला विचार करण्यासारखा वाटतो. पंथ सोडायचा असेल तर मंडळीने एकदा नव्हे, दोनदा मतदान करायचे. दोन्ही वेळा दोन-तृतीयांश मते हवीत. आणि दोन मतदानांच्या मध्ये किमान नव्वद दिवस जाऊ द्यायचे, त्या अवधीत बिशपांशी बोलायचे. नियमाने सगळे वाचले असे मुळीच नाही. पुष्कळ मंडळ्या गेल्याच. पण नव्वद दिवस! रागाच्या भरात कापू नका, कलम धरते की नाही ते एकदा पाहा, असेच तो नियम सांगतो. आपल्याकडे एका मीटिंगमध्ये आवाज चढतो आणि पुढच्या रविवारी बाक रिकामा दिसतो.

हा झाला शेजाऱ्यांचा हिशेब. आता आपला.

कोणी म्हणेल, फादर, आपल्यात असे होत नाही, आपले एकच पोप महोदय. असे म्हणणाऱ्याने आपल्या मुंबईचा इतिहास वाचावा. पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडच्या मिशनांचे संरक्षण आणि बिशप नेमण्याचा हक्क मिळालेला होता, त्याला 'पाद्रोआदो' म्हणत. पुढे रोमने 'प्रोपागांदा' या आपल्या खात्यातर्फे थेट धर्मगुरू पाठविण्यास सुरुवात केली. इंग्रजांनी १७२० साली पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना मुंबईतून घालविले आणि कार्मेलाईट आणले. भांडण इतके वाढले की १७९४ साली मुंबईची चर्चे दोन सत्तांत वाटून दिली गेली. एक बाजू गोव्याच्या आर्चबिशपांची, दुसरी रोमच्या प्रतिनिधीची. एकच श्रद्धा, एकच मिस्सा, एकच पोप, आणि तरी रस्त्याच्या या बाजूचा कॅथलिक त्या बाजूच्या धर्मगुरूकडे लग्न लावायला गेला तर ते लग्न खरे की खोटे यावर वाद!

१८५३ साली माहीमच्या संत मायकल चर्चमध्ये तर कहर झाला. तेथील काही लोकांनी चर्च गोव्याच्या बाजूला नेण्याचे ठरविले. रोमच्या बाजूचे बिशप हार्टमन मूठभर अनुयायांसह आत शिरले आणि दारे लावून बसले. मरण आले तरी किल्ली देणार नाही, असा त्यांचा बाणा. बाहेर कॅथलिकांचाच वेढा. पंधरा दिवस हे चालले, शेवटी इंग्रज सरकारच्या अधिकाऱ्यांनी दार उघडविले. पुढे चर्च गोव्याच्या बाजूकडे गेलेच. बिशप हार्टमन हे पुण्यशील पुरुष होते, आणि बाहेरचे लोकही रोज रोझरी म्हणणारेच होते. बुधवारी रात्री माहीमच्या नोव्हेनाला डहाणूहून लोकल धरून जाणाऱ्या आपल्या बहिणींपैकी कितीजणींना ठाऊक असेल की त्याच जागी एकदा कॅथलिकांनी कॅथलिकांना कोंडले होते?

१८८६ चा करार होऊन दमणचा धर्मप्रांत झाला आणि आपला हा उत्तर कोकणचा पट्टा त्यात आला. दुहेरी सत्ता संपली ती १९२८ साली, आणि तेव्हासुद्धा मुंबईला एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश आर्चबिशप अशी पाळी ठरविण्यात आली. पहिले भारतीय आर्चबिशप व्हॅलेरियन ग्रेशियस आले १९५० साली. मोजून पाहा, १७९४ ते १९२८ म्हणजे १३४ वर्षे. ब्रदरन बांधवांच्या तीस-पस्तीस वर्षांना आपण कोणत्या तोंडाने हसायचे? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्ती ऐक्यावरील आदेशात मोकळेपणाने मान्य केले की जुन्या फुटींचा दोष पुष्कळदा दोन्ही बाजूंच्या माणसांकडे होता. हे वाक्य लिहिणे रोमलाही सोपे गेले नसेल.

आणि आजचे काय? आपल्याकडे ठराव होत नाहीत, मतदान होत नाही, चर्चची जमीन धर्मप्रांताच्या नावावर असते, म्हणून आपल्यातली फूट कोर्टात दिसत नाही. आपली माणसे ठराव करून जात नाहीत; ती रविवारी येईनाशी होतात. 'आमची मिस्सा' आणि 'तुमची मिस्सा' हे शब्द या धर्मग्रामात मी ऐकले आहेत. वसईहून नोकरी-व्यवसायासाठी आलेले, केरळहून आलेले, पाड्यांवरचे वारली बांधव, सगळे एका छपराखाली बसतात, पण मिस्सा संपल्यावर अंगणात कोण कोणाशी बोलतो ते बाहेर उभे राहून एकदा बघा. सणाच्या वर्गणीची यादी वाचताना कोणाचे नाव आधी, पॅरिश कौन्सिलवर पाड्यावरचा माणूस का नाही, गायनमंडळाने कोणत्या भाषेत किती गीते गायची, या गोष्टी लहान आहेत असे ज्यांना वाटते ते नेहमी पुढच्या बाकावर बसलेले असतात. तलासरीकडच्या काही पाड्यांवरची घरे आता दुसऱ्या प्रार्थनासभांना जातात. त्यांना 'फसवून नेले' असे म्हणणे आपल्याला सोयीचे आहे. त्यांच्यापैकी एका वृद्ध बाईला मी कारण विचारले. तिने सिद्धांताचे काही सांगितले नाही. म्हणाली, "तिकडं आजारी पडलं तर येतात, फादर."

याच्या उलट बाजूही आहे, आणि ती सांगितली नाही तर मी अप्रामाणिक ठरेन. शेजारच्या मंडळीत भांडण झाले की एखादे कुटुंब आपल्या दाराशी येते आणि म्हणते, आम्हाला कॅथलिक करून घ्या. अशा वेळी आपल्यातील काहींना मोठा आनंद होतो. मला होत नाही. ज्याला खरोखर प्रभू या घरी बोलावीत असेल त्याला दार उघडे आहे, ते मी लावू शकत नाही. पण दुखावलेला माणूस म्हणजे कापणीला आलेले पीक नव्हे. मी त्याला विचारतो, तुझ्या पाळकांशी बोललास का? ज्याच्याशी भांडलास त्याच्या घरी एकट्याने गेलास का? बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असते. तर आधी जाऊन ये, मग आपण बोलू. रागावून आलेला माणूस रागावून जातोही, हे अनुभवाचे बोल आहेत. आणि त्याच्या जुन्या मंडळीतले दोन्ही गट आपले शेजारीच आहेत. मयत झाली तर दोन्हीकडच्या घरी आपण जायचे. लग्नाचे बोलावणे आले तर दोन्हीकडे जायचे. तुम्ही कोणत्या बाजूचे, असे विचारायचे नाही.

उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहाम आणि लोट यांच्या गुराख्यांत चराईवरून तंटा झाला, ते आठवा. एकत्र राहणे अशक्य झाले होते. अब्राहाम वयाने मोठा, मानाने मोठा, वचन त्याला मिळालेले. तरी त्याने पुतण्याला आधी निवडू दिले, आणि लोटाने पाण्याची हिरवी जमीन घेतली. अब्राहामाच्या वाट्याला डोंगर आला. ते वेगळे झाले, पण पुढच्याच अध्यायात लोटाला शत्रूंनी पकडून नेले तेव्हा त्याच्यामागे धावला तो अब्राहामच. पौल आणि बर्णबा यांचेही मार्कावरून कडाक्याचे भांडण होऊन ते दोन दिशांना गेले. आणि म्हातारपणी तुरुंगातून पौल तीमथ्याला लिहितो की येताना मार्काला घेऊन ये. त्या दोघांत मध्ये काय बोलणे झाले, कोणी आधी तोंड उघडले, हे पवित्र शास्त्र सांगत नाही. कोणीतरी उघडले असेल एवढे खरे.

तर आपण आपल्या घरापासून सुरुवात करू. गेल्या सहा महिन्यांत ज्या कुटुंबांतून कोणीही मिस्साला आले नाही, त्यांची यादी पाडाप्रमुख बंधूंनी तयार केली आहे. त्यांच्याकडे जायचे आहे, परत या म्हणून सांगायला नव्हे. बसायचे, पाणी प्यायचे, घरात आजारी कोण आहे ते विचारायचे, आणि ते जे काही आपल्याविषयी बोलतील ते मध्ये न बोलता ऐकून घ्यायचे. एका गाडीत वसईकर, केरळी आणि वारली असे मिळून जाऊ. वर्गणीचे पुस्तक कोणी सोबत घेऊ नये. ज्यांना यायचे आहे त्यांनी आज मिस्सानंतर सॅक्रिस्टीत नाव द्यावे. शनिवारी दुपारी साडेतीनला चर्चच्या अंगणातून निघू आणि अंधार पडण्याच्या आत परत येऊ.

ख्रिस्तात आपला,
धर्मग्रामाचा प्रमुख धर्मगुरू